डिजिटल फोटो फ्रेम : किती मोठी आणि किती लांब?

घरातले फोटो पाहण्याच्या आपल्या सवयी गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलल्या. पूर्वी रोल धुऊन आला की छत्तीस फोटो पाकिटातून बाहेर पडत, घरभर हातोहात फिरत आणि मग अल्बमात जाऊन बसत. आता एकेका लग्नात हजार-हजार फोटो निघतात आणि मोबाइलमध्येच राहतात. ते पाहण्याची ज्यांना सर्वांत जास्त ओढ, त्या घरातल्या वृद्ध मंडळींना मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवणे जमत नाही. म्हणून डिजिटल फोटो फ्रेम ही वस्तू भेट म्हणून घराघरांत येऊ लागली आहे. एक पडदा, त्यामागे एक छोटासा संगणक आणि फोटो साठवण्याची सोय, एवढाच तिचा संसार. विजेला जोडली की एकामागून एक फोटो ती आपोआप दाखवत राहते.

अहिल्यानगरच्या (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) सावेडी उपनगरातल्या एका शिक्षिकेने या फ्रेमबद्दल आम्हाला विचारले. त्यांच्या परदेशातल्या मुलाने आजीसाठी दहा इंची फ्रेम पाठवली होती. दिवाणखान्यातल्या शोकेसवर ती मांडली गेली. दोन दिवस कौतुक झाले, आणि मग सासूबाईंनी तिच्याकडे पाहणेच सोडून दिले. फोटो स्पष्ट दिसत नाहीत, तेव्हा जास्त मेगापिक्सेलची कोणती फ्रेम घ्यावी, असा बाईंचा प्रश्न होता. उत्तर देण्यापूर्वी आम्ही दोन मापे मागवली. आजी ज्या दिवाणावर बसतात तिथून शोकेस किती लांब आहे, आणि नेत्रतपासणीच्या कागदावर काय लिहिले आहे? उत्तर आले : अंतर २.४ मीटर; दृष्टी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्म्यासह, ६/१२. बाकीचे गणित शाळेतलेच आहे.

आधी पिक्सेलचे पाहू. डिजिटल चित्र म्हणजे लहान लहान ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला तेजाची आणि रंगाची एक संख्या दिलेली. अमेरिकेत १९५७ साली रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला, तो १७६ × १७६ ठिपक्यांचा होता. म्हणजे सारे मिळून एकतीस हजारांहूनही कमी ठिपके, तरी बाळ ओळखू येते. आजच्या मोबाइलचा साधारण फोटो ४००० × ३००० ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाखांचा असतो. यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. आणि दहा इंची फ्रेमचा पडदा? बहुतेक वेळा १२८० × ८००, म्हणजे जेमतेम दहा लाख ठिपके. बारापैकी अकरा हिस्से माहिती फ्रेम टाकूनच देते. हे ऐकून वाईट वाटते खरे, पण वाईट वाटून घेण्याआधी डोळ्याला विचारायला हवे.

निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी ते डोळ्याशी निदान एका मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करावे लागतात. डच नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये बनवलेला अक्षरांचा तक्ता याच मापावर बेतलेला आहे. ६/६ च्या ओळीतल्या अक्षराची उंची सहा मीटरवरून पाच मिनिटांचा कोन करते आणि अक्षराच्या रेघेची जाडी एका मिनिटाचा. ६/१२ म्हणजे निरोगी डोळा जे बारा मीटरवरून वाचतो ते वाचायला सहा मीटरवर यावे लागते. अर्थात या डोळ्याची मर्यादा दोन मिनिटांची. एक मिनिटाचा कोन म्हणजे अंतराचा सुमारे ३४३८ वा भाग. १०.१ इंची पडद्यावर कर्णाच्या दिशेने सुमारे १५०९ ठिपके बसतात, तेव्हा एक ठिपका ०.१७ मिमीचा झाला. त्याला ३४३८ ने गुणले तर सुमारे ५८ सेंमी येतात. याचा अर्थ असा की ५८ सेंमीच्या पलीकडून उत्तम डोळ्यालाही या पडद्याचे ठिपके सुटे दिसत नाहीत, आणि ६/१२ च्या डोळ्याला ते २९ सेंमीच्या पलीकडून दिसत नाहीत. आजी आहेत २४० सेंमीवर. त्यांच्यासाठी चौपट ठिपक्यांचा पडदा आणला तरी फरक पडणार नाही.

मग फोटो अस्पष्ट का? कारण तो लहान आहे. पडदा दहा इंची म्हणतात तो कर्ण. रुंदी भरते पावणेबावीस सेंमी आणि उंची १३.६ सेंमी. मोबाइलचा ४:३ आकाराचा फोटो त्यात पूर्ण बसवला तर त्याची रुंदी १८ सेंमी होते. १८ सेंमी रुंदीचे चित्र २.४ मीटरवरून जेवढे दिसते, तेवढेच हातात, ४० सेंमीवर धरलेले फक्त ३ सेंमी रुंदीचे चित्र दिसते. पासपोर्टसाठी काढतो तो फोटोही साडेतीन सेंमी रुंद असतो! रोलच्या दिवसांतला साधा पोस्टकार्ड आकाराचा फोटो, १५ सेंमीचा, आपण हातात घेऊन पाहत होतो. तो अनुभव २.४ मीटरवरून हवा असेल तर चित्र ९० सेंमी रुंद असावे लागेल, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीएवढे. हा हिशेब आम्ही जाणूनबुजून दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा उत्तरावर विश्वास बसेना.

आता फोटोतल्या माणसांकडे वळू. समजा, लग्नातला फोटो आहे आणि पाच जण शेजारी शेजारी उभे आहेत. १८ सेंमीत पाच, म्हणजे प्रत्येकाला ३.६ सेंमी. खांद्यांची रुंदी साधारण ४५ सेंमी आणि चेहऱ्याची १५ सेंमी धरली, तर चेहऱ्याच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा, १.२ सेंमी. २.४ मीटरवरून हा चेहरा १७ मिनिटांचा कोन करतो. ६/६ च्या डोळ्याला त्यात रुंदीभर सुमारे सतरा सुटे तुकडे दिसतील, ६/१२ च्या डोळ्याला आठ-नऊ.

चेहरा ओळखायला किती तुकडे पुरतात? लिऑन हार्मन आणि बेला युलेश यांनी १९७३ मध्ये अब्राहम लिंकनचे चित्र दोन-तीनशेच मोठ्या चौकोनांत मोडून दाखवले होते. जवळून ती नुसती फरशी दिसते. लांब जाऊन किंवा डोळे किलकिले करून पाहिले की लिंकन उभा राहतो. अशा अभ्यासांतून रुंदीला सोळाच्या आसपास तुकडे हा एक ठोकताळा मिळाला. ओळखीचा चेहरा याहून कमी तुकड्यांतही ओळखता येतो, पण ‘ही आपली नात’ एवढे कळणे आणि ‘नात हसते आहे, दात पडलेला आहे’ हे दिसणे यांत अंतर आहे. आजींना आठ तुकड्यांत जे दिसत होते ते होते रंगीत कपडे घातलेले पाच जण. त्यांनी फ्रेमकडे पाहणे सोडले यात नवल नाही.

पंधरा इंची मोठी फ्रेम आणली तर? १५.६ इंची, १६:९ आकाराच्या पडद्यावर तोच फोटो २६ सेंमी रुंद होतो, चेहरा १.७ सेंमीचा, कोन २४ मिनिटांचा, आजींसाठी तुकडे बारा. सुधारणा आहे, पण ती पैसे मोजून मिळते. उलट जुनीच दहा इंची फ्रेम शोकेसवरून उचलून दिवाणाशेजारच्या तिपाईवर, ८० सेंमीवर ठेवली तर चेहरा ५२ मिनिटांचा होतो आणि तुकडे सव्वीस. अंतर तिपटीने घटले की कोन तिपटीने वाढतो. यासाठी लागते ती फार तर एक लांब वायर. फ्रेमची निवड दुकानात नव्हे, तर मोजपट्टी घेऊन घरात सुरू करावी असे आम्हाला वाटते ते यामुळे. आधी बसण्याची जागा, मग फ्रेमची जागा, मग आकार. ठिपक्यांची संख्या सर्वांत शेवटी. दहा इंचांना १२८० × ८०० पुरे. ८०० × ४८० ठिपक्यांची सात इंची फ्रेमही उशाशी ठेवायला वाईट नाही.

सावेडीत गुलमोहर रोड, पाइपलाइन रोडच्या बाजूला असलेल्या बंगल्यांतून दिवाणखाने ऐसपैस असतात, आणि फ्रेम लावायची म्हटले की हात आपसूक दारावरच्या भिंतीकडे जातो. तिथे आधीच चंदनाचा हार घातलेले आजोबा असतात. सवय जुनी आहे, पण डिजिटल फ्रेमला ही जागा दोन प्रकारे वाईट. एक तर लांब. दुसरे म्हणजे तिच्याकडे खालून पाहावे लागते, आणि द्रवस्फटिकांच्या पडद्याला सगळ्या दिशा सारख्या नसतात.

द्रवस्फटिकांचा शोध १८८८ मध्ये लागला. फ्रीड्रिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ तापवताना दोनदा वितळल्यासारखा दिसला : आधी गढूळ द्रव, मग नितळ. गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखे एका दिशेने रांगेतही राहतात. पडद्यात असा द्रव दोन ध्रुवकांच्या मध्ये भरलेला असतो. मागून पांढरा प्रकाश येतो. विजेचा दाब बदलला की रेणूंची दिशा बदलते आणि त्याप्रमाणे प्रकाश कमी-जास्त पुढे येतो. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी व निळी अशा तीन गाळण्या असतात. रेणू लांबट असल्यामुळे प्रकाश तिरपा गेला तर हिशेब चुकतो. ‘टीएन’ नावाच्या स्वस्त पडद्यावर खालून पाहिले की गोरा चेहरा काळवंडतो, कधी कधी फोटोच्या निगेटिव्हसारखा उलटतो. इथे आपल्या देशातल्या एका संशोधनाची आठवण करून देण्याचा मोह आवरत नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये लांबट नव्हे तर चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पुढे १९९० च्या दशकात जपानमध्ये अशा चकत्यांचे पातळ पापुद्रे पडद्यांवर चढवून ही तिरप्या नजरेची खोड बरीच कमी करण्यात आली. ‘आयपीएस’ प्रकारच्या पडद्यात रेणू पडद्याला समांतर राहूनच वळतात, त्यामुळे रंग जवळजवळ सर्व बाजूंनी टिकतात. फ्रेमसाठी आयपीएस पडदाच घ्यावा. खोक्यावर काही लिहिलेले नसेल तर फ्रेम सुरू करून चारही बाजूंनी, विशेषतः खालून, पाहावे. एवढी परीक्षा पुरते.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग इथेच सांगून टाकतो. पडदा आडवा ठेवून त्यावर बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा (फ्रेमच्या कडेला नको, पाणी आत जाईल). थेंब भिंगासारखा काम करतो आणि पांढऱ्या भागात लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या दिसतात. दुसरा : ध्रुवक काचेचा गॉगल पडद्यासमोर धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत पडदा काळा होतो. पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो याचा याहून सोपा पुरावा नाही.

फोटोच्या आकाराचा प्रश्न जाहिरातीत कोणी काढत नाही, पण घरी रोज डोळ्यांत खुपतो तो हाच. मोबाइलचे फोटो ४:३, जुन्या ३५ मिमी रोलचे ३:२. त्याआधीच्या अॅग्फा क्लिक-३ सारख्या कॅमेऱ्यांचे फोटो चक्क चौरस. पडदे मात्र टीव्हीच्या वळणाने १६:९ किंवा १६:१० होत गेले. १६:९ च्या पडद्यावर ४:३ चा फोटो पूर्ण दाखवला तर पडद्याचा पाऊण भाग वापरला जातो, चौरस फोटोत ५६ टक्के, आणि मोबाइल उभा धरून काढलेल्या फोटोत फक्त ४२ टक्के. बाजूच्या काळ्या पट्ट्या आवडत नाहीत म्हणून बऱ्याच फ्रेम ‘पडदा भरून’ दाखवण्याच्या स्थितीतच विकल्या जातात. मग ४:३ च्या फोटोची पाव उंची कापली जाते. वरून डोकी जातात, खालून मांडीवरचे मूल जाते. उभ्या फोटोचा तर निम्म्याहून अधिक भाग जातो आणि पैठणीचा पदर तेवढा उरतो. घेतल्याबरोबर ही स्थिती बदलून ‘पूर्ण फोटो’ करावी. घरात जुने चौरस फोटो आणि उभे फोटो जास्त असतील तर ४:३ चा पडदा शोधावा; आठ इंची असला तरी तो त्या फोटोंना दहा इंची रुंद पडद्याच्या जवळपास जागा देतो.

प्रकाशाबद्दलही थोडे सांगायला हवे. कागदावरचा फोटो खोलीचा प्रकाश परत पाठवतो. फ्रेम स्वतःच दिवा असते. तिच्यामागे असतात ते पांढरे एलईडी, निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवून बनवलेले. (निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले.) संध्याकाळी दिवाणखान्यात भिंतीवर १०० लक्स प्रकाश असेल तर तिथल्या पांढऱ्या कागदाची तेजस्विता चौरस मीटरला २९ कँडेलाच्या आसपास असते. फ्रेमची २५० असू शकते. आठ-नऊ पट झगझगीत वस्तू फोटोसारखी वाटत नाही, ती चालू राहिलेल्या टीव्हीसारखी वाटते. मोतीबिंदू काढल्यावर पिवळट पडलेल्या नैसर्गिक भिंगाच्या जागी स्वच्छ कृत्रिम भिंग येते, आणि निळा प्रकाश डोळ्यात पूर्वीपेक्षा जास्त जातो; त्या डोळ्यांना हा झगझगाट अधिक जाणवतो. उपाय साधा आहे. फ्रेमशेजारी पांढरा कागद धरा, पडद्यावर पांढरे चित्र आणा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत फ्रेमचे तेज उतरवत जा. खोलीच्या प्रकाशाप्रमाणे तेज बदलणारा संवेदक असलेली फ्रेम मिळाली तर हे काम ती स्वतः करते, आणि या एका सोयीसाठी थोडे जास्त पैसे द्यायला आमची हरकत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर मात्र कोणतीच फ्रेम टिकत नाही. दुपारच्या उन्हाच्या उजेडापुढे पडदा फिका पडतो आणि काचेत खिडकीच दिसते.

अलीकडे रंगीत ई-कागदाच्या फ्रेम निघाल्या आहेत. त्या खोलीच्याच प्रकाशात दिसतात आणि चित्र बदलतानाच तेवढी वीज घेतात. पण चित्र बदलायला बराच वेळ लागतो, रंग उदास असतात, किंमतही जबर. ६/१२ च्या डोळ्यांसाठी आम्ही त्या आज सुचवणार नाही.

विजेचा खर्च मामुली आहे. ८ वॅटची फ्रेम दिवसाचे चोवीस तास चालू ठेवली तर वर्षाला ७० युनिट, रात्री आठ तास बंद ठेवली तर ४७. खरा त्रास वीज गेल्यावरचा. वीज परत आली की काही फ्रेम आपणहून फोटो दाखवू लागतात, काही बटण दाबण्याची वाट पाहत काळ्या बसून राहतात. आजी एकट्या असतील तर ती फ्रेम मुलगा सुट्टीला येईपर्यंत काळीच राहणार. दुकानात चालू फ्रेमची पिन काढून पुन्हा लावून पाहायला एक मिनिटही लागत नाही. दुकानात जाताना आपले स्वतःचे कार्ड न्यावे आणि त्यात चार तऱ्हेचे फोटो ठेवावेत : घोळक्याचा, उभा धरून काढलेला, जुन्या फोटोवरून स्कॅन केलेला आणि घरात आयफोन असेल तर त्यातला. २०१७ पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ नावाच्या स्वरूपात साठवतात, आणि १९९२ च्या ‘जेपेग’वर वाढलेल्या कित्येक फ्रेम तो उघडू शकत नाहीत. कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठे घेऊ नये. त्यापुढच्या कार्डांची मांडणी साध्या फ्रेमला वाचता येईलच असे नाही. तीन-चार एमबीचा एक फोटो धरला तरी ८ जीबीत दोन हजार फोटो मावतात.

परदेशातून थेट फोटो पाठवता येणारी वाय-फायची फ्रेम आजींसाठी मोठीच सोय आहे. नातवाचा आजचा वाढदिवस आजच दिसतो. पण फोटो आधी कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर जातो आणि तिथून फ्रेमवर उतरतो. ती सेवा बंद पडली किंवा तिची वर्गणी सुरू झाली तर पडद्याचे काय, हे विचारून ठेवावे. कार्डावरूनही चालणारी वाय-फाय फ्रेम असेल तर निदान हा घोर राहत नाही. फ्रेम ही फोटो जपून ठेवण्याची जागा मात्र नव्हे. कार्ड बिघडते, फ्रेम दुरुस्तीला जाते. मूळ फोटो दोन वेगळ्या ठिकाणी असावेत आणि फ्रेममध्ये फक्त त्यांच्या प्रती. फ्रेम कुणाला देऊन टाकताना आतले फोटो पुसायला विसरू नये.

शाळांनाही यातून एक काम निघते. मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्षानुवर्षांचे वर्गफोटो टांगलेले असतात आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली नावे वाळवी खाते. १० × १५ सेंमीचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तरी सुमारे १८०० × १२०० ठिपके मिळतात, १२८० × ८०० च्या दहा इंची फ्रेमला पुरून उरतील एवढे. स्कॅनर नसेल तर खिडकीपासून थोडे बाजूला, फ्लॅश न लावता मोबाइलने काढावेत. पण दहा जणांच्या तीन रांगा एका पडद्यावर दाखवू नयेत; प्रत्येक रांगेचे दोन-तीन तुकडे करून एकेका तुकड्यात चार-पाचच चेहरे ठेवावेत. खाली पट्टी सोडून नावे तिथेच, चित्राचा भाग म्हणून लिहावीत. फाइलच्या नावात लिहिली तर मोबाइलवरून पाठवताना ती बहुधा बदलून जातात. ८० सेंमीवरून ६/१२ च्या डोळ्याला वाचायला अक्षर निदान २.३ मिमी उंच हवे. ही झाली शेवटची मर्यादा. सुखाने वाचण्यासाठी ६ मिमी धरावे, आणि आपल्या लिपीत वेलांट्या, रफार असल्यामुळे त्याहून थोडे मोठेच. नावे सांगू शकतील असे निवृत्त शिक्षक गावात असेपर्यंत, या सुट्टीतच, हे काम दहावीच्या मुलांवर सोपवता येईल.